कुठून आलं, विचारू नये

श्रावणात एके दिवशी खालच्या काकूंकडे सत्यनारायण होता. संध्याकाळी त्यांची सून द्रोण घेऊन वर आली, "ताई, प्रसाद, आई म्हणाल्या गरम आहे तोवर देऊन ये," आणि मी नेहमीसारखा दोन्ही हातांनी घेतला. शिरा खरंच गरम होता, तुपाने द्रोणाचं पान तळाशी पारदर्शक झालेलं, वर केळ्याचे काप आणि वेलदोड्याचा तो वास, जो फक्त पूजेच्या शिऱ्यालाच येतो, घरी कितीही तूप ओतलं तरी येत नाही. आई सोफ्यावर बातम्या बघत होती. "घेतलास?" एवढंच म्हणाली. मी म्हणलं मग काय दारातून परत पाठवू का, तर म्हणे "मी काही म्हणलं का?" झालं. मी द्रोण ओट्यावर मिक्सरशेजारी ठेवला, वर बशी झाकली आणि पोळ्या लाटायला लागले. आता खरं सांगायचं तर मला शिरा प्रचंड आवडतो. शाळेत मैत्रिणींकडे खाल्लाय, ऑफिसात दसऱ्याच्या पूजेचा खाल्लाय, कुणाच्या वास्तुशांतीला दोनदा मागून खाल्लाय. पण ऐंशी वर्षांची आई समोर बसलेली असताना तो चमचा तोंडात जाईना, आणि तिच्यासमोर टाकूनही देववेना. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो तसाच राहिला, मग आंबूस वास यायला लागला, आणि रात्री मी तो ओल्या कचऱ्याच्या बादलीत टाकला. सकाळी साडेसातला बादली दाराबाहेर ठेवताना नेमकी ती सून मुलाला स्कूलबसला सोडायला जिन्यावरून उतरत होती, वरच्या मजल्यावरच्या मैत्रिणीला घ्यायला आलेली असणार. बादलीला झाकण नव्हतं. द्रोण सगळ्यात वर होता, केळ्याचे काप काळे पडलेले. तिने बघितलं. तिने बघितलेलं मी बघितलं. "गुड मॉर्निंग ताई," ती म्हणाली, रोजच्यासारखंच, फक्त अर्धी मात्रा कमी.

तेव्हापासून ते डोक्यातून जात नाहीये.

आम्ही नगरकडचे ख्रिस्ती, मिशनच्या शाळा-वसतिगृहांतून आलेले, चार पिढ्या झाल्या. म्हणजे "हॅपी ख्रिसमस" म्हणायला लोक येतात आणि "तुमच्यात कुंकू लावतात का हो" असंही विचारतात, दोन्हीची सवय आहे. प्रसादाचं काय करायचं हा प्रश्न आमच्याकडे प्रत्येक घराने आपापला सोडवलेला असतो. कुणी सरळ "आम्हाला चालत नाही" सांगतं, कुणी खातं, कुणी मनात प्रार्थना करून खातं, कुणी घेऊन कामवाल्या मावशींना देतं. माझ्यासारखं न खाता न नाकारता टाकून देणं ही सगळ्यात वाईट पद्धत, कारण त्यात कुणाचाच मान राहत नाही, काकूंच्या देवाचा नाही आणि आईच्याही नाही. आणि माझा मान वगैरे तर सोडूनच द्या.

पुढच्या दोन-तीन रात्री मी बायबलमधला प्रकटीकरणाचा दुसरा अध्याय काढून बसत होते. पर्गम आणि थुवतीरा. आताच्या टर्कीतल्या सात गावांच्या ख्रिस्ती मंडळ्यांना योहानाने पाठवलेल्या पत्रांपैकी ही दोन, दोन्हींत तक्रार एकच, की तुमच्यातले काही लोक मूर्तीला दाखवलेला नैवेद्य खातात आणि जारकर्म करतात. लहानपणापासून शंभर वेळा ऐकलेलं, पण यावेळी पहिल्यांदा 'नैवेद्य' या शब्दापाशी अडले. मूळ ग्रीक शब्द आहे तो 'मूर्तीपुढे बळी दिलेलं' असा, म्हणजे मांस, बैल, डुक्कर, मेंढरू. आपल्या भाषांतरकारांनी तिथे नैवेद्य घातला. चुकलं असं नाही म्हणणार मी, दुसरा कुठला शब्द होता त्यांच्याकडे? पण त्या एका शब्दाने काय केलं बघा, पहिल्या शतकातला आशिया मायनरमधला भाजलेला बैल आमच्या ओट्यावर मिक्सरशेजारी शिरा होऊन बसला. इंग्रजीत वाचणाऱ्याला त्या ओळीत एक जुनाट, लांबची भानगड दिसते. मराठीत वाचणाऱ्याला शेजारच्या काकू दिसतात.

पर्गमला मी जाऊन आलेय. काही वर्षांपूर्वी चर्चच्या ग्रुपबरोबर टर्कीची 'सात मंडळ्यांची' टूर केली होती, थेपले, चिवडा आणि गुडघ्याचा पट्टा घेऊन. आता त्या गावाला बेर्गामा म्हणतात, इझमीरहून बसने दोन तास. गावाच्या डोक्यावर टेकडी, टेकडीवर जुनं शहर, वर जायला केबल कार. वारा एवढा की बायकांच्या ओढण्या तोंडावर. तिथलं थिएटर इतकं खडं उतरतं की पायऱ्यांवर उभं राहिलं तर खालचं खोरं आपल्या अंगावर येतं, दहा हजार माणसं बसायची म्हणे. आणि त्याच्याजवळच ग्रीकांचा मोठा देव झ्यूस, त्याची ती प्रसिद्ध वेदी. म्हणजे वेदीची जागा. तिथे पायऱ्या-पायऱ्यांचा दगडी चौथरा आणि त्यातून उगवलेली पाईनची झाडं, बस. वेदी जर्मन लोक घेऊन गेले, कार्ल हुमान नावाच्या इंजिनियरने १८७८ पासून खोदून काढली आणि ती बर्लिनला गेली, १९३० मध्ये तिच्यासाठी मोठं म्युझियम उघडलं. बर्लिनला राहणारा माझा भाचा म्हणतो, मावशी ते म्युझियम दुरुस्तीसाठी बंद आहे, वेदीची खोली तर २०१४ पासूनच. म्हणजे सध्या ती इथेही बघता येत नाही आणि तिथेही. आमच्याबरोबरच्या पाळकसाहेबांनी चौथऱ्याकडे बोट करून ठणकावून सांगितलं, हेच 'सैतानाचं आसन', पत्रात लिहिलंय ते. सगळ्यांनी फोटो काढले. मीही काढला, झाडाच्या सावलीत, हसताना.

मला ते तेव्हाही पूर्ण पटलं नव्हतं. वेदी त्या पत्राच्या वेळीच अडीचशे वर्षं जुनी होती, राजा दुसरा यूमेनीसच्या काळातली, शहराची शान म्हणून बघायची वस्तू. त्यापेक्षा मला ते दुसरं देऊळ जास्त खरं वाटतं जे अजून सापडलेलंच नाही, फक्त नाण्यांवर दिसतं. इसवीसनपूर्व २९ मध्ये रोमचा सम्राट ऑगस्टसने परवानगी दिली आणि त्याच्या आणि रोमादेवीच्या नावाने पर्गमला देऊळ झालं, अख्ख्या आशिया प्रांताचं सम्राटपूजेचं पहिलं देऊळ. जिवंत माणसाचं. आणि त्या देवळाचं चक्क भजनी मंडळ होतं! हसू नका, खरंच होतं, 'ऑगस्टस देव आणि रोमादेवीचे गायक'. पुढच्या शतकातल्या सम्राट हेड्रियनच्या काळातला त्यांचा एक कोरीव दगड मिळालाय, त्यात सभासदांची नावं आहेत आणि सम्राटाच्या वाढदिवसाला वाईन कुणी आणायची, पाव कुणी आणायचे, पैसे कुणी किती द्यायचे ते सगळं. आमच्या सोसायटीच्या नोटीसबोर्डावर गणपतीच्या दहा दिवसांच्या आरतीची आणि प्रसादाची यादी लागते ना, मंगळवार बी विंग मोदक, बुधवार सी विंग खिरापत, अगदी तसं. मला त्या दगडाबद्दल वाचताना सैतान कुठे दिसेना. वर्गणी दिसली. आणि वर्गणी न देणाऱ्याकडे बाकीचे कसे बघत असतील ते दिसलं.

कारण त्या काळी देव आणि जेवण वेगळं काढताच येत नव्हतं. ग्रीसमधल्या करिंथला अस्कलेपियसचं देऊळ सापडलंय, वैद्याचा देव तो, तिथून भाजलेल्या मातीचे हात, पाय, कान, सगळे नवसाचे, ढिगाने मिळाले. (वांद्र्याच्या मोतमाऊलीला मेणाचे हातपाय वाहतात तेच. आमच्या प्रोटेस्टंट घरात त्यावर नाक मुरडायची पद्धत होती, आणि तरी माझ्या मावशीने मुलाच्या पायासाठी एकदा गुपचूप मेणाचा पाय वाहिला होता हे सगळ्यांना माहीत होतं.) तर त्या देवळाला लागून जेवणाच्या तीन खोल्या, प्रत्येकीत भिंतीच्या कडेने अकरा जणांना आडवं होऊन जेवायची सोय. देऊळ, हॉस्पिटल आणि मंगल कार्यालय एकाच कंपाउंडात. इजिप्तमध्ये ऑक्सिरिंकसच्या उकिरड्यातून निघालेल्या पपायरसांत एक आमंत्रणाची चिठ्ठी आहे, ती मला फार आवडते. खैरेमोन नावाचा माणूस लिहितो की प्रभू सरापिसच्या पंगतीला सरापिसच्या देवळात उद्या, म्हणजे १५ तारखेला, नवव्या तासाला जेवायला यावे. बास एवढंच. कशासाठी ते लिहिलेलं नाही. मुलाचा वाढदिवस असेल, धंद्यात फायदा झाला असेल, आजारातून उठला असेल. आता तुम्ही त्याच्या शेजारचे, नुकतेच ख्रिस्ती झालेले, तुमचा पोरगा त्याच्याकडे कामाला. काय कळवाल त्याला? 'चालत नाही'?

पत्र लिहिणारा योहान मात्र या कशात अडकत नाही. तो पात्म बेटावर आहे, समुद्राच्या मध्ये, तिथे त्याला कुणी द्रोण आणून देत नाही. (हे जरा जास्तच झालं माझं, तो तिथे मौजेला गेला नव्हता, त्याच्या साक्षीपायीच बेटावर पडला होता, हे मला कळतं.) पर्गमच्या लोकांचं तो आधी कौतुक करतो, तुम्ही माझं नाव धरून राहिलात, अंतिपाला तुमच्यात ठार मारलं तेव्हासुद्धा मागे हटला नाहीत. अंतिपा कोण, काय करायचा, काही नाही, एक नाव आणि 'विश्वासू साक्षी'. मग लगेच पुढची ओळ, पण मला तुमच्याविरुद्ध थोडं सांगायचंय. बलामाची शिकवण धरणारे आहेत तुमच्यात. संडेस्कूलमध्ये बलाम, जुन्या करारातला तो संदेष्टा, म्हणलं की आम्हाला फक्त त्याची बोलणारी गाढवी आठवायची, त्याने इस्राएलाला नैवेद्याच्या पंगतीत कसं ओढलं हा भाग टीचर भरभर उरकायच्या, कारण पुढे ते जारकर्म यायचं. थुवतीराला तर तो एका बाईवरच घसरतो. तिला ईजबेल म्हणतो, स्वतःला संदेष्ट्री म्हणवते आणि माझ्या दासांना भुलवते म्हणतो, तिला अंथरुणाला खिळवीन, तिच्या पोरांना जिवे मारीन असं त्याच्या तोंडून प्रभू बोलतो. इथे मला प्रत्येक वेळी गार वाटतं. ईजबेल हे काही तिचं नाव नसणार, ती जुन्या करारातली दुष्ट राणी, हे नाव तिला चिकटवलंय. तिचं खरं नाव गेलं, तिचं म्हणणं गेलं. तिची बाजू एका ओळीतसुद्धा उरलेली नाही.

मी ती बाजू मनात लिहून बघते कधी कधी. थुवतीरा, आताचं आक्हिसार, छोटं कारागिरांचं गाव होतं. तिथल्या शिलालेखांत रंगारी, चांभार, कुंभार, लोकरवाले, तांबट, पाववाले अशा धंद्यांच्या संघटनांची नावं येतात, आणि फिलिप्पैला प्रेषित पौलाला भेटलेली ती जांभळ्या कापडाची व्यापारीण लुदिया इथलीच. संघटनेत नाही तर गिऱ्हाईक नाही, संघटनेत आहे तर अधूनमधून जेवण, जेवणाआधी देवाला वाइनचा घोट. तिने काय सांगितलं असेल तिच्या मंडळीतल्या रंगाऱ्याला? की बाबा, मूर्ती म्हणजे दगड, दगडापुढे ठेवलेलं मटण म्हणजे मटण, जा, जेव, पोरांना घेऊन जा. एवढंच म्हणाली असेल तर पौलाच्या करिंथमधल्या हुशार लोकांनीही तेच म्हणलं होतं, आणि पौलाने त्यांना पोरांना मारून टाकायची धमकी दिली नव्हती. कदाचित ती खरंच काहीतरी वाईटसाईट शिकवत असेल. पण मला ती नेहमी स्वयंपाकघरातली बाई दिसते, हिशोब करणारी. माझ्या आजीसारखी.

आजीचं सांगायलाच हवं. माझे आजोबा, आईचे वडील, नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात मिशनच्या शाळेवर मास्तर होते. पांढरं धोतर, काळी टोपी, खिशात नवा करार. गावच्या म्हसोबाची जत्रा चैत्रात, घरोघरी कंदुरी, अख्ख्या गावात रश्श्याचा वास आणि कुत्री खूश. बोकडाचा वाटा मास्तरांकडेही यायचा, पोरांना शिकवतात म्हणून मानाचा. आजोबा तो दारातच हात जोडून परत करायचे, "आमच्यात चालत नाही पाटील, राग मानू नका." पाटीलही राग मानायचे नाहीत, हे दरवर्षीचं ठरलेलं. पण मास्तरांच्या पगारात मटण म्हणजे नाताळ आणि ईस्टर, वर्षातून दोनदा, आणि घरात खाणारी सात तोंडं. आजीचं माहेर त्याच गावच्या शिवारापलीकडे, आणि माहेरचे ख्रिस्ती झालेले नव्हते. मग दुसऱ्या दिवशी आजोबा शाळेत गेले की आजीची चुलत बहीण पदराखाली पितळी डबा घेऊन मागच्या दाराने यायची. आजी येसर घालून रस्सा करायची, बाजरीच्या भाकरी थापायची. दुपारी आजोबा यायचे, हातपाय धुवायचे, ताटावर बसायचे, डोळे मिटून प्रार्थना करायचे ("त्या दिवशी जरा लांबवायचे," आजी म्हणायची) आणि जेवायचे. आज मटण कसं काय, कुठून आलं, बाजार तर रविवारी असतो, एक शब्द नाही. फार तर "मीठ जरा कमी पडलंय का?" मी आजीला विचारलं होतं, तू खोटं बोललीस ना गं त्यांच्याशी. तेव्हा ती शेंगा निवडत होती. म्हणाली, "खोटं कशाला बोलू? त्यांनी इचारलं आसतं तर सांगितलं आसतं. त्यांनी कधी इचारलंच न्हाई."

हे मला कितीतरी वर्षं नुसतं गमतीचं वाटायचं. मग एकदा करिंथकरांना लिहिलेलं पहिलं पत्र सलग वाचलं आणि दहाव्या अध्यायात हसूच आलं, कारण पौल अगदी आजीचाच नियम सांगतो. देवळातल्या पंगतीला बसू नका, प्रभूचं मेज आणि भुतांचं मेज दोन्हीकडे जेवता येणार नाही, तिथे तो कडक आहे. पण बाजारात मिळतं ते मांस घ्या आणि खा, विवेकबुद्धीपायी चौकशी करत बसू नका. परक्याने घरी जेवायला बोलावलं तर जा, वाढतील ते खा, विचारू नका. म्हणजे आजोबा पत्राबाहेर एक पाऊल गेलेले नव्हते. पण पुढे अजून एक ओळ आहे. कुणी जर सांगितलं, की हे नैवेद्याचं आहे, तर मात्र खाऊ नका. सांगणाऱ्यासाठी.

आणि एका चैत्रात कुणीतरी सांगितलं. माझी आई तेव्हा सात-आठ वर्षांची, संडेस्कूलमध्ये वचनं पाठ करून बक्षीस मिळवणारी. आजोबांनी पहिला घास मोडला आणि ही शेजारून म्हणाली, "बाबा, हे म्हसोबाचं आहे." आजी सांगायची की ते रागावले नाहीत. थोडा वेळ ताटाकडे बघत बसले, मग ताट पुढे सरकवलं, पाणी प्यायले आणि उठले. त्या दिवशी कुणीच जेवलं नाही, रस्सा चुलत बहिणीकडे परत गेला, आणि त्यानंतर डबा आला नाही. आई यावर कधीही बोललेली नाही. मी एकदा विषय काढला तर म्हणाली "आजीला काहीही सांगायची सवय होती."

रोमचं सरकार या बाबतीत आजीपेक्षा वेगळं होतं, ते विचारायचं. इसवीसन ११२ च्या सुमाराला, काळ्या समुद्राकडच्या बिथुनियात प्लिनी नावाचा गव्हर्नर सम्राट ट्रेजनला लिहितो, ख्रिस्ती म्हणून पकडून आणलेल्यांना मी तीनदा विचारतो, नाही म्हणणाऱ्याला तुमच्या मूर्तीपुढे धूप आणि वाईन वाहायला लावतो आणि ख्रिस्ताला शिव्या द्यायला लावतो, खरे ख्रिस्ती हे करत नाहीत असं ऐकलंय. काहीजण म्हणे सांगत की होतो आम्ही, पण सोडलं, कुणी वीस वर्षांपूर्वी सुद्धा. आणि शेवटी तो समाधानाने कळवतो की ओस पडलेल्या देवळांत गर्दी परतली आहे आणि बळीचं मांस, ज्याला गिऱ्हाईकच मिळेनासं झालं होतं, ते पुन्हा खपायला लागलंय. वाचताना मला खाटीक आठवले आधी, खरं सांगते. गावात एक जमात वेगळं खायला लागली की पहिला फटका खाटकाला बसतो हे काही आपल्याला शिकवायला नको.

मग २५० साल. सम्राट डेशियसचा हुकूम, साम्राज्यातल्या सगळ्यांनी देवांना बळी द्यायचा आणि अधिकाऱ्यासमोर दिला म्हणून सर्टिफिकेट घ्यायचं. इजिप्तच्या वाळूत अशी चाळीसहून जास्त सर्टिफिकिटं सापडली आहेत, त्यांची भाषा आपल्या तहसील कचेरीतल्या अर्जासारखी, नाव, गाव, वय, ओळखीची खूण. एक आहे ७२ वर्षांच्या ऑरेलियस डायोजिनीसचं, उजव्या भुवईवर व्रण. मी देवांना नेहमीच बळी देत आलो आहे आणि आता हुकुमाप्रमाणे तुमच्यासमोर बळी दिला, वाईन वाहिली आणि नैवेद्य चाखला, तरी तसा दाखला मिळावा ही विनंती. चाखला! तो शब्द त्यात ठरलेला आहे. नुसतं हात जोडून चालत नव्हतं, जीभ लागायला हवी होती. यातली सगळी माणसं काही ख्रिस्ती नव्हती, एक सर्टिफिकेट तर मगरदेवाच्या पुजारणीचं आहे, बिचारीने जन्मभर त्याचीच पूजा केली आणि तिलाही रांगेत उभं केलं. ख्रिस्ती लोकांत मात्र तीन भाग झाले. काही तुरुंगात गेले, मेले. काहींनी खाल्लं. आणि काहींनी बळी न देता, काही न चाखता, अधिकाऱ्याला पैसे चारून नुसता कागद घेतला. हुकूम थंड झाल्यावर उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजच्या मंडळीत भांडण झालं ते या लोकांवरून. बिशप सिप्रियन स्वतः त्या काळात शहर सोडून लपला होता, त्यामुळे त्यालाही बोलणी खावी लागली. शेवटी ठरलं ते साधारण असं, की ज्यांनी खाल्लं त्यांना लांब प्रायश्चित्त, ज्यांनी कागद घेतला त्यांचं प्रत्येकाचं प्रकरण बघून आत घ्यायचं. प्रत्येकाचं प्रकरण बघून. हे वाक्य मी दोनदा वाचलं.

कारण कागद आमच्याकडेही आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती फक्त हिंदूंना, पुढे १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना मिळाल्या, ख्रिस्ती झालेल्याची जात मात्र कागदावर पुसली जाते, गावात नाही. त्यामुळे नगर-मराठवाड्यात कितीतरी घरांत रविवारी चर्च आणि दाखल्यावर हिंदू. आमच्याच नात्यात आहेत, कोण ते सांगणार नाही. एका काकांनी त्या दाखल्यावर नोकरी केली, चार भावंडांना शिकवलं, आणि आयुष्यभर प्रभुभोजनाच्या वेळी मागच्या बाकावर बसून राहिले, पेला घ्यायला पुढे गेले नाहीत. त्यांना कुणी नको म्हणलं नव्हतं. कुणी ये असंही म्हणलं नाही. मी लहान असताना वाटायचं काकांना द्राक्षरस आवडत नसेल. त्यांच्या पैशावर शिकलेल्यांपैकी एकजण आज मंडळीत मोठ्या तोंडाने पर्गमवर उपदेश करतो आणि मला बाकावर बसून चुळबुळ होते. पण मी तरी काय केलंय, मी शिरा बादलीत टाकलाय.

पर्गमच्या त्या पत्राच्या शेवटी एक गोष्ट आहे जी मला आवडते आणि जिच्यावर उपदेशात कुणी फार थांबत नाही. नैवेद्य न खाणाऱ्याला बक्षीस काय, तर खायलाच. गुप्त ठेवलेला मान्ना, रानात इस्राएलाला आकाशातून मिळायचं ते अन्न. आणि एक पांढरा खडा, वर नवीन नाव, घेणाऱ्याखेरीज कुणाला न कळणारं. काही अभ्यासक म्हणतात मेजवानीला आत सोडायची खूण म्हणून असे खडे असायचे. म्हणजे खैरेमोनची चिठ्ठी नाकारलेल्या माणसाला दुसरीकडची चिठ्ठी. पंगतीतून उठलेल्या माणसाला काय टोचत असतं ते पात्मवर बसलेल्या त्या कडक म्हाताऱ्याला बरोब्बर माहीत होतं, एवढं मी त्याचं मान्य करते.

नाताळला मी फराळाचं ताट घेऊन खाली गेले. करंज्या, चकल्या, डोनट आणि केकचे चार तुकडे, वर विणलेला रुमाल. श्रावणापासून जिन्यात हसणं-बोलणं चालू होतं पण दारातलं काही झालं नव्हतं, गणपतीत मोदक सी विंगला गेले, आमच्याकडे आले नाहीत, विसरल्या असतील. काकूंनी रुमाल उचलून बघितलं. "केकमध्ये अंडं आहे का गं?" "आहे," मी म्हणलं. विचारलं म्हणून सांगितलं. "मग तो मुलांना देते हं," त्या म्हणाल्या, आणि सून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ताटाकडे बघत होती, माझ्याकडे नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली उतरताना माझी नजर त्यांच्या दाराबाहेरच्या बादलीवर गेली. गेलीच, काय करू. त्यांच्या बादलीला झाकण असतं, पायाने उघडायचं.

ताट परत आलं संक्रांतीला. रिकामं नाही, आपल्याकडे रिकामं कोण पाठवतं, त्यात वाटीभर तिळगुळाच्या वड्या. सूनच आली होती, "ताई, गोड बोला," म्हणाली आणि हसली, तेव्हा मला त्या हसण्याची मात्रा मोजायची नव्हती तरी मी मोजली. आत येऊन वाटी टीपॉयवर ठेवली. सकाळी त्यांच्याकडे देवापुढे काय काय मांडलेलं असणार हे मला दिसत होतं, आईलाही दिसत असणार. मी पाणी आणायला वळले. परत आले तर आईच्या गालात एक वडी होती, कवळीने ती हळूहळू फिरवत होती आणि डोळे टीव्हीवर.

"गूळ जरा कडक झालाय," ती म्हणाली.